श्रीचं पान

सातपूरला, खोक्यांच्या कारखान्यावरच्या मजल्यावर
आमची लॅब.
खाली पुठ्ठ्यावर यंत्र आदळलं
की वर कपातला चहा शहारतो.

सुरगाण्याहून सिस्टर वाघेरे
एसटीत आइसबॉक्स मांडीवर घेऊन आल्या
त्याला आता महिना होईल.
छप्पन्न नळ्या. छप्पन्न मुलं.
नावांवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर आकडे.

रक्ताची अक्षरं झाली. चारच अक्षरं,
पण अब्जावारी, आणि सगळी फाटलेली,
दीडशे-दीडशेच्या चिंध्या,
कुठल्या पानावरची कुठली, कुणास ठाऊक.

त्या जुळवायचं अवजार फुकट मिळतं.
फाइलीच्या माथ्यावर एक परकं नाव, एक जुनं साल,
आणि खाली: घ्या, वापरा, उघडून बघा,
काही सुधारलंत तर कळवा.
मोडलं तर मी जबाबदार नाही.
इतकं खरं बोलणारा दुकानदार
मला मेनरोडला अजून भेटलेला नाही.

रात्री साडेअकराला निकाल आला.
छप्पन्नच्या छप्पन्न निरोगी.
एकाही पेशीला विळ्याचा बाक नाही.
अनुराज म्हणाला, मिसळ माझ्याकडून.
मी सिस्टरना फोन लावला.
त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या,
"एकवीस नंबरचे सुजलेले हात मी हातात घेतलेत, मॅडम.
तुमच्या मशीनला नीट बघायला सांगा."

मशीन नीटच बघत होतं.
शेजारी.

पण ते मला कळायला तीन दिवस गेले.
परक्याचा कोड म्हणजे परक्याचं स्वयंपाकघर,
हळद सापडते, मीठ सापडत नाही.
एका कोपऱ्यात त्यानंच लिहून ठेवलेलं:
हे का चालतं ते आता आठवत नाही, हात लावू नका.

रविवारी पंचवटीत, बाबांकडे.
वह्यांची लाल फडकी बदलायची होती.
साक्रीहून कुणी आपला पणजोबा शोधत आलेला.
सूचीत पान एक्केचाळीस. तिथे भलतंच घराणं.
बाबांनी वर न बघता एक पान उलटलं,
आणि पणजोबा बसलेले, सहीसकट.
"सूची करणाऱ्यानं श्रीचं पान धरलं नाही," बाबा म्हणाले.
"पहिल्या पानावर नुसतं श्री. कुणी ते मोजतं, कुणी सोडतं.
वही उघडण्याआधी विचारावं,
मोजणारा कुठून मोजतोय."

चहा तसाच टाकून मी निघाले.

आमची यादी एकापासून मोजत होती,
अवजार शून्यापासून.
मध्ये एका अक्षराची फट,
त्या फटीत अकरा मुलं.
नऊ जणांत एकेरी खूण, दोघांत दुहेरी.
एकवीस नंबर त्या दोघांतला.
मी टेबलावर हात आपटला, सापडलं म्हणून.
मग हात तिथेच राहिला.

दुरुस्ती पाठवली. एक वजा, बाकी काही नाही.
वर मराठीतच टीप लिहिली:
इथे श्रीचं पान मोजलेलं नाही.
त्या परक्या माणसाचं उत्तर आलं,
आभार मानले होते, आणि लिहिलं होतं
की हे सात वर्षं चुकत होतं.
टिपेचा अर्थ त्यानं विचारला नाही. राहू दिली.

सात वर्षं.
कुठकुठल्या लॅबमध्ये, कुठल्या मुलाचं
शेजारचं अक्षर वाचून
कुणी मिसळ खायला उठलं असेल?

बाबांना विचारलं, सुरगाण्याची वही कुठली?
म्हणाले, ते लोक यायचे नाहीत गं.
फडक्याची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.
"किंवा कुणी लिहून घेतलं नसेल."

संध्याकाळी सिस्टरना आकडे वाचून दाखवले.
त्या प्रत्येक आकड्याला थांबायच्या,
पलीकडे चिकटपट्टी निघाल्याचा आवाज यायचा.
"एकवीस," मी म्हणाले.
"जयवंती," त्या म्हणाल्या, "जयवंती भोये. चौथीत आहे.
हं, पुढचा सांगा."